सुपातलं बियाणं

पेरणीच्या सकाळी चुलतवहिनींच्या सुपात बाजरी, तूर, मटकी, हुलगा असं सगळं बियाणं एकत्र कालवलेलं दिसलं आणि मी गोंधळलो. शेती व्यवस्थापन शिकवण्यात माझी हयात गेली. तरुणपणी याच बांधावर काठीने मातीत आलेख काढून मी वहिनींच्या नवऱ्याला, दादाला, पटवलं होतं की एकच पीक घे, नफा वाढतो. त्या भल्या माणसाने ऐकलं. त्या साली बाजरी करपली आणि घरात डाळीपुरतीसुद्धा तूर आली नाही. पुढे आमची पुस्तकं उत्पादनावरून नफ्यावर आणि नफ्यावरून जोखमीवर आली. आता त्यांत मिश्र पिकावर अख्खं प्रकरण आहे, आणि तेही मीच शिकवतो. शास्त्र पुढे गेलं की मोठा वळसा घालून या सुपाशी आलं, मला खरंच कळेना.

"भावजी, यंदा काय म्हणतंय तुमचं पुस्तक?" वहिनींनी विचारलं. "लवकर सांगा, ओल उडून चाललीय."

चुका करण्याचा माझा अनुभव दांडगा, म्हणून जपून म्हणालो, "हेच पेरा."

"पेरणारच आहे हो. तुम्ही कुठवर आलात, तेवढं विचारलं."