वैशाखातल्या शंभर रजया

उस्मानपुऱ्यात वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. त्यांची नजर फार लांबची होती, इतकी की घरातलं काही दिसायचं नाही.

एका वर्षी भर वैशाखात त्यांनी सिल्लोडहून उरलासुरला कापूस स्वस्तात आणला, पिंजून घेतला आणि येत्या थंडीसाठी शंभर रजया शिवून टाकल्या. दुकानात मावेनात म्हणून त्या आमच्या बाहेरच्या खोलीत आल्या. थर इतके चढले की पंखा बंद ठेवावा लागला. आम्ही भावंडं शिडीने वर चढून झोपायचो आणि सकाळी घामाने निथळत खाली यायचो.

त्यातच ताईला बघायला फर्दापूरचे पाहुणे येणार होते. याआधी दोन नकार आले होते आणि या मुलाचा फोटो ताईला मनापासून आवडला होता.

"अहो, पाव्हणे बसवायचे कुठं?" आई रडकुंडीला आली.

"रजयांवर. धंद्यात पुढचं बघावं लागतं."

"पोरीचं पुढचं कोण बघणार?"

शेवटी मुलगा आणि त्याचे वडील, दोघांनाही शिडीने वर चढवलं. ताई चढली तेव्हा आधी पोहे दिसले, मग ताई. मुलाने पटकन ताटली धरली आणि "सांभाळून," म्हणाला. प्रश्न त्याचे वडील विचारणार होते, पण ते हळूहळू रुतत चालले होते. "शिक्षण किती..." एवढं बोलून ते घोरायलाच लागले.

त्यांना उठवायची कुणाचीच हिंमत होईना. आई देवापुढे जाऊन बसली. ताई आणि मुलगा मात्र दोन तास गप्पा मारत होते. म्हातारबुवा घामाघूम होऊन उठले आणि म्हणाले, "अशी झोप लई वर्षांनी लागली. पोरगी पसंत हाय. तिच्यासंगं ही रजई बी धाडा."

लग्न झालं आणि ताईसोबत ती रजईही सासरी गेली. थंडीत दुकानापुढे खरंच रांग लागली आणि वडील महिनाभर कॉलर ताठ करून फिरले. शेवटची रजई गेली त्या संध्याकाळी लक्षात आलं की घरासाठी एकही ठेवलेली नाही, आणि कापूसही संपला होता. आम्ही चादरींत कुडकुडत होतो. वडील आईसमोर यायचंच टाळत होते.

संक्रांतीला ताई एसटीतून उतरली ती डोक्यावर गाठोडं घेऊन. सोडलं तर आत तीच रजई.

"सासऱ्यांनी आईसाठी दिलीय," ताई म्हणाली. "बघायला आले त्याच दिवशी त्यांनी वळखलं होतं. म्हणले, हा माणूस शंभरच्या शंभर विकणार आन् घरच्यांना थंडीत मारणार. म्हणून एक मागून ठेवली."

आईला एकदम रडू फुटलं. वडिलांनी रजईची घडी मोडली. मग त्यांनी ती आईच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "धंद्यात व्याह्यांसारखा माणूस पाहिजे होता."