समोरचा पंखा

दुपारी लाइट गेली आणि आमच्या छोट्या कारखान्यातलं बादल्यांचं मशीन थांबलं. आता आतलं वितळलेलं प्लास्टिक दगडासारखं घट्ट होणार. मशीनवरच्या सुमनताई आधी दाराकडे धावल्या. लाइट गेली की आपण सगळेच बाहेर डोकावतो. शेजाऱ्यांचीही गेलेली दिसली की उगाच धीर येतो.

"समोर आहे," त्या म्हणाल्या.

समोरच्या मोठ्या कारखान्याने छतभर सोलर आणि खोलीभर बॅटऱ्या बसवल्यापासून तिथला पंखा थांबतच नाही. पूर्वी त्यांचे मॅनेजर आणि मी मिळून वीज कचेरीत भांडायचो. आता मी एकटाच तिथे फोन लावतो. आजही लावला. मशीन माझ्या हाताखाली गार होत चाललं होतं.

"फक्त तुमचीच गेलीय का?" पलीकडून विचारलं.

समोरच्या पंख्याकडे बघत मी म्हणालो, "हो. आता आमचीच जाते."