आईची शास्त्रं

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी शिनोलीहून बोरीला आले. मुलगी झाली. मला तेल लावून न्हाऊ घालायचं काम आईचं. पहिल्याच दिवशी पाठ चोळताना तिचा हात थांबला. पट्ट्याचे वळ बरे झाले होते, पण काळे डाग उरले होते. नवरा प्यायला की मारतो, हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मग आईने हात तेवढा हलका केला.

त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नसे. लेक रडायची, दुधाने पोलकं भिजायचं आणि मी बाजेवर पडून पत्र्याकडे बघत राहायची. कुणाचं तरी मूल सांभाळायला दिलंय, असं वाटे, आणि असं वाटतं म्हणून रडू येई. दृष्ट लागली म्हणत चुलतीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका कुणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट भलतीच मोठी, असं ठरलं. मला भीती मात्र एकच होती. तिसऱ्या महिन्यात मला सासरी पाठवणार होते.

तिसऱ्यात सासू न्यायला आली. आई म्हणाली, आमच्यात पहिली मुलगी असली की तिसऱ्यात धाडत नाहीत. चौथा महिना सम, तो तर चालतच नाही. पाचव्यात निरोप आला, तेव्हा दात यायच्या आत पोरीने वेस ओलांडायची नसते, असं निघालं. मी इतकी बधिर झाले होते की मलाही ते सगळं खरं वाटलं. चुलतीने मात्र विचारलं, हे कुठलं शास्त्र? आई म्हणाली, माझ्या माहेरचं. आईचं माहेर ओतूर, आणि चुलतीही ओतूरचीच. ती आईकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "व्हय, आमच्याकडं असतंय असं."

पण दात काय, येतातच. सातव्या महिन्यात नवरा सासूला घेऊन स्वतः आला. सकाळचे दहा वाजले होते आणि तोंडाला वास येत होता. आजच्या आज न्यायची, म्हणाला. लेक दिल्या घरीच शोभते, हा वडिलांचा जुना पाढा. त्यांनी माझ्याकडे न बघताच आवरायला सांगितलं, आणि मी खरोखर पिशवी भरायला लागले.

आई पदराला हात पुसत ओसरीवर आली. आता कुठलं शास्त्र निघतंय, म्हणून सासू आधीच तोंड वाकडं करून बसली होती.

"पावणं, तिची पाठ मी रोज धुतलीया," आई म्हणाली. "तिला पाठवायची न्हाई."

किती दिवस, असं त्याने विचारलं.

"दिवस न्हाई. पाठवायचीच न्हाई."

नवऱ्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी आता माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ती म्हणती तसंच." मायलेक दोघं बडबडत निघून गेली.

लेकीची माया मला लगेच आली नाही. त्याला आणखी बरेच महिने लागले. त्या दुपारी आईने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, लेकीला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तू नीज. हिला मी बघती." बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी पार दिवेलागणीपर्यंत झोपले.