उशीतल्या मुंग्या

आत्या चोरून गोड खातात, हे मी घरात ओरडून ओरडून सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आता त्या गेल्या, तर येणारा-जाणारा त्यांच्या मायेचे किस्से सांगत बसतो. एकाचा संपला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि चहा करून करून हात माझे दुखतात. म्हणून म्हटलं, आता माझ्याकडचेही ऐका. तुम्ही भेटायला यायचा, मी त्यांच्याबरोबर राहिलेय.

*

माया होती, ती मी नाकारत नाही. एकदा आमचे मालक बार्शीला लग्नाला निघाले. आत्या त्यांना सोडायला स्टँडवर गेल्या, एसटीत चढल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "लेकरू गाडीत झोपतंय. बार्शी आली की उठवा बरं."

कंडक्टर गाडीभर लेकरू शोधत राहिला. लेकराच्या मिशा पिकलेल्या!

बार्शीला त्यानं मालकांच्या खांद्याला हात लावला. "बाळ, उठा. पोचलो म्हणून आईला फोन करा."

*

नणंद शालन जेऊरला दिलेली. ती येणार म्हटलं की आत्या शेंगाची चटणी कुटायला बसायच्या. मुसळाचा आवाज पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत. पण शालननं उंबऱ्यात पाय ठेवला की आत्यांचा आवाज एकदम बारीक.

"जेवलीस का गं आई?"

"खाल्लं बाई दोन घास. सून देती ते खायाचं."

शालन माझ्याकडं अशी बघायची, जशी मी कोठडीच चालवते. एकदा मी आत्यांचं ताट उचलून तिच्यापुढं धरलं. म्हटलं, "वन्सं, ह्यात काय राहिलंय ते दावा. मी खाते." ताट असं चाटूनपुसून लख्ख, की घासायचं काम वाचलं.

*

मग आत्यांना साखर निघाली. सुई बघितली की त्या दवाखान्यातनं चपला सोडून पळायच्या. एकदा नर्सनं बोट धरलं, तर तिलाच म्हणाल्या, "आधी तुझ्या आईचं टोचून ये जा." डॉक्टरांनी हात जोडले. "घरीच मशीन घ्या."

माझी लेक पूजा फार्मसी शिकते. तिनं मशीन आणलं, आज्जीला खोलीत नेलं, दार लोटलं. जरा वेळानं दोघी बाहेर. ना ओरडा, ना शिवी. पुढं पुढं तर पूजा कॉलेजातनं आली रे आली की आत्याच बोट पुढं करून हाका मारायच्या, "पूजे, आज टोचलं न्हाईस की गं."

मालक गल्लीभर सांगायचे, "पोरीचा हात लई हलका हाय."

*

साखर मात्र काय उतरेना. चहा बिनसाखरेचा, भात बंद, आंबा तर दाखवायचाही नाही. तरी पूजा रोज आकडा वाचायची आणि मलाच लेक्चर द्यायची. "मम्मी, आज्जीच्या डाएटकडं तुझं लक्षच नाही."

एक दिवस आत्यांच्या उशीला मुंग्यांची रांग लागली. मी उशी उचलली आणि मालकांपुढं नेऊन आपटली. "बघा, ह्या मुंग्या काय खोटं बोलतात?"

मालकांनी मुंग्या बघितल्या, मग मला बघितलं. "घर झाडत जा जरा."

शालनला फोन लावला. ती म्हणाली, "वैनी, म्हाताऱ्या माणसावर आळ घेता व्हय?"

आत्या पलंगावर डोळे मिटून पडलेल्या. तोंडाला वेलदोड्याचा वास.

*

आत्या झोपेतच गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, साखरेचा काही दोष नाही. तरी शालन रडता रडता बायकांत बोललीच, "आईच्या खाण्याकडं कुणी बघितलंच न्हाई." ते कुणी म्हणजे मी.

दहाव्याला पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. समोर झाडावर बसलेला, पण खाली उतरायला तयार नाही. आत्यांची काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून एकेक जण कबूल करायला लागला.

मालक म्हणाले, "आई, शालनला अंतर देणार न्हाई." कावळा ढिम्म.

शालन म्हणाली, "आई, दादाला मी संभाळीन." कावळ्यानं पाठ फिरवली.

ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. शालन माझ्याकडं वळली. "वैनी, आता तुमीच कबूल करा. तुमच्यावरच अडलं असंल."

मी चिडूनच हात जोडले. "आत्या, तुमाला गोड कोण आणून देत हुतं, तेवढं मला कळू द्या. जो कोण असंल त्याला मी एका शब्दानं बोलणार न्हाई."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच मारून गेला.

शालननं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात मागून हुंदका आला.

"मम्मी, बोलणार नाहीस म्हणालीस ते नक्की ना?"

सगळ्यांनी वळून बघितलं. पूजा.