अळणी बिस्किटं

आमच्या ओट्यावरचा छोटा ओव्हन नानखटाईसाठी घेतला होता. मुलगी शाळेत असताना वर्षातून दोनतीनदा तो तापायचा. ती पुण्याला शिकायला गेली, तेव्हापासून मी त्यात पापडांचे डबे ठेवू लागले. आता तो दर रविवारी सकाळी चालतो आणि त्यात कुत्र्याची बिस्किटं भाजली जातात. हे कळल्यावर शेजारीण म्हणाली, "आमच्या इथं माणसाले गरम पोळी भेटून नाही राहिली, अन् तुमच्या कुत्र्याले ओव्हनमधलं!" मीही तिच्याबरोबर हसले. खरं कारण सांगायला वेळ लागतो, आणि त्यात माझी बाजू काही फार चांगली दिसत नाही.

कुत्रा मुळात माझ्या सासऱ्यांचा. सासूबाई गेल्यावर कळमेश्वरजवळच्या गावाहून आम्ही त्यांना नागपूरला आणलं, तेव्हा टेम्पोत त्यांची खाट होती, एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीवर हा बसला होता. साधा गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला. संत्र्याच्या बागेत माकडांवर भुंकण्यात त्याचं तारुण्य गेलं होतं. "याले इथं ठेवून नाही येत मी," एवढंच सासरे म्हणाले होते. मला कुत्र्यांची हौस नव्हती. फरशीवरच्या पायांच्या ठशांवरून मी पहिले सहा महिने रोज कुरकुर केली, आणि सातव्या महिन्यात त्याच्यासाठी जुन्या चादरीची गादी शिवली.

सासऱ्यांचा एक नेम होता. जेवायला बसले की पहिला घास मोडायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा, उठून व्हरांड्यात जाऊन कुत्र्याला द्यायचा, हात धुवायचा आणि मग जेवायचं. शेतावर असल्यापासूनचं हे. त्यात देवधर्म किती आणि सवय किती, मी कधी विचारलं नाही. घास देताना ते कुत्र्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलायचे. "घे गा," म्हणायचे, "आज वांगं हाय."

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग आपण जेवलो की नाही ते. नेम मात्र विसरले नाहीत. विसरायचे ते नेम पार पाडल्याचं. घास देऊन यायचे, हात धुवायचे, ताटावर बसायचे, आणि कडेला घास नाही असं पाहून पुन्हा मोडायचे. एका जेवणात चारचार, पाचपाच वेळा. रश्श्यात बुडवलेली पोळी, भजी, चहात बुडवलेलं बिस्किट, सगळं त्या कुत्र्याच्या पोटात जात होतं. तो काही नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता.

तो धापा टाकायला लागला तेव्हा आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. मुलीच्या वयाच्या होत्या डॉक्टर. त्यांनी तपासलं, छातीचे फोटो काढले आणि सांगितलं की याचं हृदय थकलंय, गोळ्या आयुष्यभर चालतील, आणि मीठ बंद. "कमी नाही, बंद," त्या म्हणाल्या. "मीठ पोटात गेलं की याच्या छातीत पाणी भरेल."

घरी येऊन आम्ही सासऱ्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि जेवायला बसल्यावर घास मोडला. दुसऱ्या दिवशी मी कुत्र्याला मागच्या खोलीत बंद केलं. सासरे घास हातात घेऊन व्हरांड्यात उभे राहिले, परत आले, ताटासमोर बसले आणि जेवले नाहीत. "त्याचं व्हायचं हाय अजून," म्हणाले. मी म्हटलं, झालंय त्याचं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि तसेच बसून राहिले. माझा नवरा बुटीबोरीहून कामावरून आला तेव्हा ताट तसंच होतं. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे सोडवू नको त्याहिले," तो म्हणाला. "बाकी काय राहिलं आता त्याहिचं?"

म्हणून बिस्किटं. घास देणं थांबवायचं नाही, घासच बदलायचा. ज्वारीचं पीठ, शिजवून घोटलेला लाल भोपळा, ज्याला आम्ही कोहळं म्हणतो, आणि पाणी. तेल नाही, मीठ नाही. नखाएवढी लहान कापायची, कडक भाजायची, म्हणजे दिवसातून वीस दिली तरी बिघडत नाही. स्टीलचा छोटा डबा सासऱ्यांच्या ताटाजवळ ठेवला. पहिल्या दिवशी त्यांनी पोळीही मोडली, मी ती हळूच काढून घेतली आणि हातात बिस्किट दिलं. चारपाच दिवसांत हात आपसूक डब्याकडे जाऊ लागला. कुत्रा ही बिस्किटं चवीने खात होता. महिन्याभरात त्याची धाप कमी झाली आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी स्वयंपाक करताना चव घेत नाही. माझ्या माहेरी ती रीतच नव्हती. रोजचं जेवण आधी देवाला दाखवायचं, आणि नैवेद्य उष्टा होऊ द्यायचा नाही. आई वासावरून मीठ ओळखायची, तशी मीही ओळखते, असा माझा तोरा. मी बँकेत नोकरीला होते तेव्हाच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत मी तो मिरवला आहे. बिस्किटांची चव तर मी कशाला घेणार? त्यात होतंच काय?

माझ्या नणंदेला हा प्रकार फोनवर कळला. ती गावीच असते, शेत करते. "वहिनी, विकतचं पीठ कायले घेता? मी पाठवतो ना घरचं," ती म्हणाली, आणि पंधरा दिवसांनी ओळखीच्या माणसाबरोबर मोठी पिशवी आली. पीठ जरा काळसर होतं. मला वाटलं, गावरान ज्वारी असेल. रविवारी मी दोन ताटं भरून बिस्किटं भाजली.

सोमवारी चहाच्या वेळी सासऱ्यांनी डब्यातलं एक बिस्किट स्वतःच तोंडात टाकलं. असं ते कधी करत नसत. थोडं चावून म्हणाले, "खारट हाय वं बाई हे."

"मामाजी, त्यात मीठ नाहीच."

"हाय."

"मी टाकलंच नाही, तर येईल कुठून?"

"मले काय माहीत? पण हाय."

सकाळपासून त्यांनी मला आज कोणता वार हे नऊदा विचारलं होतं. गॅस सुरू ठेवून पाणी सांडलं होतं. हे सगळं खरं असलं तरी मी पुढे जे बोलले त्याला ती सबब पुरत नाही. मी म्हटलं, "तुम्हाला जेवल्याचं आठवत नाही मामाजी, आणि मिठाचं बरं कळतं!"

उरलेलं बिस्किट त्यांनी बशीत ठेवलं. मला लगेच लाज वाटली, पण ती कबूल करायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी आत जाऊन भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी माझं बोलणं ते विसरले होते. त्यांनी पुन्हा एक खाल्लं आणि पुन्हा तेच म्हणाले, त्याच शब्दांत. तिसऱ्या दिवशीही. मी उत्तर देणंच सोडलं. मग त्यांनी एक नवीन सुरू केलं. बिस्किट कुत्र्याला देण्याआधी ते आपल्या पाण्याच्या पेल्यात बुडवायचे, बोटांनी चोळायचे, पाणी झटकायचे आणि मग द्यायचे. टेबलावर पाणी, सदऱ्यावर पाणी, पेल्यात पिठाचा गाळ. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, की वाढतंय हो, आता बिस्किटं धुवायला लागलेत. त्याने मान खाली घातली. मी पेला उचलून घेतला आणि त्यांना झाकणाची बाटली दिली.

पुढच्या शनिवारी पहाटे कुत्रा उभाच होता. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून, तोंड उघडं. त्याला बसता येत नव्हतं. पोट तट्ट फुगलं होतं. आम्ही त्याला चादरीत उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सुई टोचली, नळी लावली आणि मग माझ्याकडे वळल्या. "मीठ कुठून जातंय?"

"आमच्याकडून नाही," मी म्हटलं. पुराव्यासाठी डबाही पर्समध्ये घेऊन गेले होते, इतकी मला खात्री. "हे बघा, एवढंच खातो तो."

त्यांनी एक बिस्किट मोडलं, जिभेला लावलं आणि दुसरा तुकडा माझ्यासमोर धरला.

मी खाल्ला. खारट होता. भाकरीला असतं तेवढं, नीट बेताचं मीठ होतं त्यात.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मी नणंदेला फोन लावला. तिला काय विचारतेय हेच आधी कळेना. "कळण्याचं पीठ हाय ते वहिनी," ती म्हणाली. "ज्वारी अन् काळे उडीद. दळतानाच मीठ टाका लागते ना त्यात. बाबाले भाकर लय आवडते त्याची. म्हणलं, कुत्र्याचं होईन अन् बाबाचंही होईन." तिचं काही चुकलं नव्हतं. गावाकडे हे लहान पोराला ठाऊक असतं. माझ्या माहेरी ज्वारीच क्वचित यायची, कळणा तर मी नावापुरता ऐकलेला. आणि ज्या माणसाने ते पीठ जन्मभर खाल्लं होतं, त्याने एका घासात ओळखलं होतं. नाव आठवलं नाही त्यांना, पण मीठ आहे हे त्यांनी सांगितलं. मी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हाताने धुऊन काढायचा प्रयत्न केला. आणि मी त्यांचा पेला काढून घेतला.

त्या दिवशी कुत्र्याला तिथेच ठेवून घेतलं. घरी सासरे दारात बसले होते. दुपारच्या ताटाच्या कडेला पोळीचा घास वाळला होता.

"तो कुठी गेला?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. म्हटलं, "मामाजी, तो दवाखान्यात आहे. माझ्यामुळे. बिस्किटांत मीठ होतं. तुम्ही मला सांगितलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मी म्हणलं होतं?"

"हो. तीन दिवस म्हणत होतात."

त्यांनी विचार केला. आठवायचा प्रयत्न करताना त्यांचे ओठ हलतात, तसे हलले. मग अगदी सरळ, राग वगैरे काही नसताना त्यांनी विचारलं, "मंग तू ऐकलं काहून नाही?"

मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी कशाबद्दल रडतेय हे तेवढ्यात ते विसरलेही असतील.

कुत्रा सोमवारी घरी आला. त्याचं हृदय बरं झालेलं नाही, होणारही नाही. डॉक्टर म्हणतात, जितके दिवस जातील तितके चांगले. नणंदेचं पीठ मी संपवलं, भाकऱ्या करून, सासऱ्यांसाठी. आमच्या गल्लीतल्या चक्कीवरून साधी ज्वारी दळून आणते, उभी राहून.

रविवारी बिस्किटं ओव्हनमधून निघाली की थोडी निवू देते आणि पहिलं सासऱ्यांच्या हातावर ठेवते. त्याआधी मी स्वतः एक खाल्लेलं असतं, पण माझ्या जिभेवर आता काम भागवायचं नाही असं मी ठरवलंय. कुत्रा शेजारी बसून दोघांकडे बघत असतो. आणि दर रविवारी मी ती हकिकत त्यांना सांगते. नाही सांगितली तरी चालेल. त्यांना माझं बोलणं आठवत नाही, पेला आठवत नाही, मीठ आठवत नाही. घरात ते फक्त मला आठवतं. म्हणूनच सांगते. ते दर वेळी नव्याने ऐकतात आणि शेवटी दर वेळी विचारतात, "मंग तू ऐकलं काहून नाही?"

"चुकलं माझं," मी म्हणते. "आता सांगा, कसं झालंय?"

ते सावकाश चावतात. डोळे मिटतात. कुत्रा शेपटी फरशीवर आपटतो, तरी ते घाई करत नाहीत.

"अळणी हाय," ते म्हणतात. "दे आता त्याले."