समुद्रात मासे असतात का?

"यांना डेलिरियम झालाय," माझ्या नवऱ्याला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. आजारामुळे मेंदू एकाएकी गोंधळतो, माणूस भानावर राहत नाही, असं त्यांनी समजावलं. मी एवढंच विचारलं, "म्हंजे याड लागलं काय?"

आम्ही मुरुडचे कोळी. नवऱ्याची स्वतःची होडी आहे. यांनी ताप अंगावर काढला, त्याचा न्यूमोनिया झाला आणि अलिबागला आयसीयूत व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं मशीन, लावावं लागलं. मशीन निघालं तेव्हा वाटलं, सुटलो. हे नुसते शांत पडून असायचे. होडीवर गळा फाडून ओरडणारा माणूस एवढा गरीब झाला, म्हणून मी देवाचे आभार मानत होते!

भान आहे का ते बघायला सिस्टर यांना रोज साधे प्रश्न विचारायच्या. एकदा भेटायच्या वेळी मी आणि धाकटा दीर खाटेजवळच होतो. सिस्टरनी विचारलं, "काका, समुद्रात मासे असतात का?"

"न्हाय," हे म्हणाले.

आम्हाला हसूच आलं. दीर म्हणाला, "बरोबर बोलला दादा! औंदा जाळ्यात येतंय काय? नुसता कचरा." मीही सिस्टरना म्हटलं, "डोकं ठिकानावर हाय त्यांचं. मुरुडात कुठल्याबी कोळ्याला इचारा, ह्योच जबाब मिळंल." सिस्टरही हसल्या आणि उत्तर बरोबर धरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी दूध पाजायला गेले, तर यांनी माझा हात झिडकारला. माझ्याकडे बघितलं, पण त्या नजरेत ओळखच नव्हती. मी घाबरून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आम्हाला मागे उभं केलं, कुणी बोलायचं नाही म्हणून बजावलं.

"दगड पाण्यावर तरंगतो का?"

"तरंगतो."

"या कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हे गप्पच. तेव्हाच तो डेलिरियम शब्द आला.

"ओरडणारा पेशंट लगेच लक्षात येतो, शांत असलेला नजरेतून सुटतो," त्या म्हणाल्या. इन्फेक्शन पुन्हा वाढलं होतं. त्यांनी औषधं बदलली, गुंगीचं औषध कमी केलं. यांचा चष्मा आणायला लावला. दिवसा उजेडात ठेवा, वार सांगा, घरचं बोलत राहा, म्हणाल्या. मी बोलत राहायचे. हे घरी येतील, पण आमचे हे म्हणून येतील का, हीच भीती होती.

त्यानंतर सिस्टर नातेवाइकांना आधी गप्प करायच्या, एका उत्तरावर न थांबता सगळे प्रश्न विचारायच्या. शेवटी आम्हालाही विचारायच्या, "काका नेहमीसारखे वाटतात का?" हे आधीच कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, इतके शांत हे झोपेतही नसतात.

हळूहळू यांची नजर माझ्यावर थांबायला लागली. एका सकाळी चहा कडू म्हणून माझ्यावरच खेकसले. मी तिथेच रडले. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमचं माणूस आयसीयूत गप्प पडलं असेल, तर आराम पडला असं समजू नका. त्याच्याऐवजी उत्तरं देऊ नका. वागणं वेगळं वाटलं तर लगेच सांगा.

घरी आल्यावर एकदा जेवताना हे मधेच थांबले.

"दवाखान्यात मी तुला सारख्या हाका मारत व्हतो," म्हणाले. "तू जवळच बसलेलीस. मंग ओ का देत नव्हतीस?"