मावशीचे धवले क्लाउडवर जातात तेव्हा

विभागाच्या ग्रुपवर निरोप आला की आपलं सगळं आता क्लाउडवर जाणार, त्याचं प्रशिक्षण आहे. प्राध्यापक, ऑफिसचा स्टाफ, विद्यार्थी, सगळ्यांनी हजर राहायचं. त्यानंतर विभागातला जुना कॉम्प्युटर रिकामा करणार. बाकीच्यांनी लगेच अंगठे वर केले. मी नाही केला. आमच्या शीळफाट्याकडच्या गावात कोणी अंगठा असा सहज देत नाही. एकदा दिला की काय होतं, ते आमच्या सासऱ्यांच्या पिढीने बघितलंय. आता त्यांच्या जमिनीवर बावीस मजली इमारत उभी आहे, आणि तिथल्या वॉचमनला आम्ही आमचं नाव सांगून आत जातो.

माझी शाळा सातवीत सुटलेली. मग मुलांच्या पुस्तकांतून वाचत वाचत, बाहेरून परीक्षा देत, साठी उलटल्यावर मी लोकसाहित्यात एम.ए.ला पोचले. वर्गातली सगळी पोरं मला काकू म्हणतात. विद्यापीठाचं उपकेंद्र घोडबंदर रोडला, म्हणजे जायला दोन रिक्षा आणि एक बस, आणि ट्रॅफिक लागलं तर सगळा दिवस त्यातच गेला म्हणायचं. तरी मी जाते. मला आवडतं.

प्रबंधाला मी विषय घेतला आमचे धवले. आमच्या आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारीण पाहिजे. ही बाई गाऊन सांगते, आता हळद लावा, आता नवरीला पाटावर बसवा, आता उठवा. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आमच्या गावात धवलारीण आता एकच उरली आहे, ती माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. मी तिला मावशीच म्हणते. तिने सहजासहजी गायलं नाही हो. लग्न नसताना धवला गायचा नसतो म्हणे. शेवटी तिने तांदळाचा चौक काढला, दोन सुपाऱ्या मांडल्या, त्यांना हळद लावली, आणि त्या सुपाऱ्यांच्या लग्नात माझ्या रेकॉर्डरसमोर बसून गायली. गाऊन झाल्यावर मला म्हणाली, "ऐक गो. माजा आवाज मांडवाच्या भायेर जायाचा नाय. मी मेल्यावर काय करायचा ता कर."

तिला भीती होती डीजेची. शेजारच्या गावातल्या एका म्हातारीचा धवला कुणीतरी मोबाईलवर घेतला होता, आणि पुढच्या वर्षी तो हळदीत वाजला, खाली धाड धाड ठोके आणि वर त्या बाईचा आवाज, एकच ओळ पुन्हा पुन्हा. पोरं शर्ट काढून नाचत होती. ती म्हातारी त्याच मांडवात बसलेली. मावशीने ते डोळ्यांनी बघितलेलं. मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. ती रेकॉर्डिंगं मी फक्त विभागाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती. त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली ऑफिसच्या बाईंकडे असायची. किल्ली दिसत होती, म्हणून माझा जीव शांत होता.

प्रशिक्षण द्यायला जी मुलगी आली होती, ती गोड बोलायची. गोड बोलणाऱ्या माणसाची मला आधी काळजीच वाटते. पडद्यावर चित्रं दाखवत ती म्हणाली की डेटा तुमचाच राहणार, आम्ही फक्त सांभाळणार. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत नव्हते. मिठागराच्या शेठने आमच्या आजेसासऱ्यांना हेच सांगितलेलं, बिल्डरने सासऱ्यांना हेच सांगितलं. मी हात वर केला आणि विचारलं की हे सांभाळायचं कुठे. ती म्हणाली, काकू, ते एका जागी नसतं, वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी असतात. मी विचारलं, मग किल्ली कुणाकडे. सगळे हसले. ऑफिसच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आदल्या आठवड्यात सगळ्या फाइलींच्या प्रिंट काढून कपाटात लावून ठेवल्या होत्या आणि वर कुलूप घातलं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एवढ्या लोकांत आपल्या जातीचं कोणीतरी आहे, असं वाटलं.

मुलीने मग समजावलं की ज्याला तुम्ही बोलवाल त्यालाच दिसेल. हे मला पटलं, कारण आवतणाचं गणित आम्हाला लहानपणापासून पाठ. लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक म्हटलं की घरातला एकच माणूस येतो, आणि चूलबंद म्हटलं की सगळं घर येतं, त्या दिवशी त्यांची चूल पेटत नाही. मी म्हटलं, माझं घरटी एक. माझ्या मार्गदर्शक मॅडम आणि मी, बास. मुलगी म्हणाली, परफेक्ट.

पासवर्ड टाकताना माझी पंचाईत झाली. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह, सगळं एकाच शब्दात पाहिजे. शेजारी माझ्याच वर्गातला एक मुलगा बसलेला, कळव्याचा. अभ्यासात हुशार, पण शनिवार-रविवारी हळदींना साउंड लावतो, डीजे करतो. तो म्हणाला, बोला काकू, मी टाकतो. आणि मी बोलले. सगळी खोली सोडून त्याच्याच कानात. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, मी कुणाला काय सांगून बसले. पासवर्ड बदलता येतो, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं?

चार दिवसांनी मी मावशीकडे गेले. म्हटलं, तिला दाखवावं की तुझा आवाज नीट जागेवर आहे, कुठे गेला नाही. माझा मोबाईल जुना, त्यात ते उघडेना. मग मावशीच्या सुनेच्या मोबाईलमध्ये मी माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला आणि धवला लावला. नवरीला मांडवातून उठवतात तेव्हाचा. तो फार लांब आहे आणि ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावतात. मावशी डोळे मिटून ऐकत होती. तेवढ्यात बाहेर रिक्षावाला हॉर्न देऊ लागला, मला विभागात जायचं होतं. सून म्हणाली, ताई, बंद करू का. मावशीने डोळे न उघडता हात आडवा केला. धवला मधेच तोडायचा नसतो, तोडला तर नवरीच्या संसारात खंड पडतो म्हणतात. इथे नवरी नव्हती की नवरा नव्हता, पण माझीही हिंमत झाली नाही. म्हटलं, वाजू दे, संपला की ठेवून दे. आणि निघाले.

दुसऱ्या प्रशिक्षणाला त्या मुलीने शिकवलं की आपली फाईल शेवटची कधी उघडली गेली, ते कसं बघायचं. मी बघितलं. नवरी उठवायचा धवला काल दुपारी उघडलेला. परवा दुपारी. तेरवा दुपारी तर पाठोपाठ. आणि पुढे लिहिलेलं, 'तुम्ही उघडलं.' मी? मी त्या वेळी जेवून आडवी झालेले असते. माझं नाव घेऊन कोणीतरी दुसरंच माझ्या घरात शिरत होतं.

मी त्या कळव्याच्या मुलाकडे बघितलं. तो मोबाईलमध्ये बघून हसत होता. मग काय, माझं डोकं फिरलं. चहाच्या वेळी मी त्याला जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं की तू माझा धवला उघडलास का. मग चेहरा उतरला त्याचा.

"काकू, तो वाजवला तर पब्लिक मला चोपेल," तो म्हणाला. "त्याच्यावर कोण नाचणार? सगळे रडतील."

"म्हणजे तू ऐकलायस."

"तुम्हीच सेमिनारमध्ये अर्धा मिनिट लावलेलात ना. सगळ्या वर्गाला."

खरं होतं. मॅडमनी आग्रह केला म्हणून लावलेला. पण संशयाला एकदा पाय फुटले की तो खऱ्याखोट्याजवळ थांबत नाही. मी म्हटलं, पासवर्ड फक्त तुला माहितीये. तो चहा न घेताच वर गेला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. नंतर कितीतरी दिवस तो मला काकू न म्हणता 'मॅडम' म्हणत होता, त्यातलं अंतर मला कळत होतं.

मी त्या शिकवणाऱ्या मुलीला दाखवलं. तिने पटापट दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि म्हणाली की तुमचं खातं आणखी एका मोबाईलमध्ये चालू आहे, शीळफाटा परिसर दाखवतंय. ओळखीचा मोबाईल आहे का? नसेल तर इथे दाबा, तो बाहेर जाईल. तिचं बोट त्या बटणावर पोचलंच होतं. मी तिचा हात धरला. कारण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि उजेडाबरोबर नवा संशय. मावशीची सून.

आता ती वाईट नाही, सांगते. ब्लाउज शिवते, सासूचं सगळं करते. पण शिवताना मोबाईल समोर उभा असतो आणि त्यात दिवसभर रील चालतात. स्वतःही बनवते, साडीच्या घड्या घालतानाचे वगैरे, मागे गाणं लावून. मला पुढचं सगळं दिसलं. मावशीचा आवाज, त्यावर हिची साडी, खाली लोकांचे लाल बदाम. मी मुलीला म्हटलं, राहू दे, बाहेर नको काढू, मला आधी पकडायचंय. मुलगी म्हणाली, काकू, रिस्क आहे. म्हटलं, असू दे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी न सांगता मावशीकडे गेले. ओटीवर चप्पल काढली आणि तिथेच थांबले. आतून धवला ऐकू येत होता. पण आवाज दोन होते. एक मोबाईलमधला, दीड वर्षापूर्वीचा, भरलेला. दुसरा त्याच्या मागून येणारा, कापरा, अर्ध्या ओळीवर अडखळणारा. दोन्ही मावशीचेच.

मी दारातून बघितलं. मावशी भिंतीला टेकून बसलेली, मोबाईल मांडीवर. मशीन बंद ठेवून सून तिच्यासमोर बसलेली. मावशी एका जागी अडकली. मोबाईल पुढे गेला, ती मागेच राहिली. कोणी मोबाईल थांबवला नाही. तोडायचा नसतो ना. शेवटपर्यंत वाजू दिला, आणि संपल्यावर सुनेने पुन्हा पहिल्यापासून लावला. म्हणून ते पाठोपाठ उघडलेलं दिसत होतं. सुनेने मला बघितलं. तोंडावर बोट ठेवायला गेली, पण तोवर मावशीनेही मान वळवली होती.

ती दचकली नाही. मोबाईल तेवढा पदराखाली घेतला. मग म्हणाली, "माघ महिन्यात वरच्या आलीत लगीन हाय. मना बोलवलाय."

मी म्हटलं, वरच्याच आळीत ना, मग जायचंच.

"मधला सगला जातं गो डोक्यातना. धवलारीन इसरली असा झाला, त लोका डीजेच लावतील. नवरी त्याच्यावरच उठवतील."

एवढं बोलून तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आता गावभर सांगत फिरणार आहे. मला शब्द द्यायला लावणारी बाई ती, आता माझ्याकडूनच तिला भीती वाटत होती. म्हटलं, मी पाणी प्यायला आलेले, उन्हाची. सुनेने पाणी दिलं. मी प्यायले आणि परत आले.

रात्री त्या शिकवणाऱ्या मुलीचा मेसेज आला, तो मोबाईल बाहेर काढलात का, नाहीतर उद्या आम्ही इथून काढू. मी तिला कळवलं की तो घरचाच आहे, त्याला हात लावू नकोस. तिने विचारलं, नक्की ना. नक्की, म्हटलं. खरं सांगायचं तर क्लाउडवर माझा विश्वास बसला नव्हता आणि अजूनही बसलेला नाही. रेकॉर्डिंगांची एक प्रत मी पेन ड्राइव्हवर घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. पण मावशीला तो धवला दुपारी हवा होता, आणि त्या दुपारी तिच्यापर्यंत तो त्याच वाटेने पोचत होता.

माघातलं लग्न झालं. मांडवाच्या एका कोपऱ्यात डीजेच्या पेट्या रचून ठेवलेल्या, साउंडवाला तयारीत. मावशी पाटाजवळ बसली. हळदीचे धवले तिने नीट गायले. मग नवरीला उठवायची वेळ आली. मी खांबाला टेकून उभी होते आणि ओळी मोजत होते. तिसऱ्या ओळीनंतर ती थांबली. बायका समजल्या, श्वास घेतेय. मला माहीत होतं की नाही घेत. साउंडवाल्याने मान वर केली.

तेवढ्यात तिच्या मागे ओटीचं ताट धरून बसलेल्या सुनेने पुढची ओळ गायली. हळू, पण बरोबर त्याच चढाने. तिला कोणी शिकवलं नव्हतं. इतक्या दुपारी ऐकून ऐकून ते तिच्या तोंडी बसलं असणार.

मावशीने वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, सांगते. तिने असं रोखून बघितलं, जसं आपल्या कपाटातली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर दिसावी. न विचारता घेतलीस, कधी घेतलीस? सून गप्प झाली. धवला पुन्हा अडला, नवरी अर्धवट उठलेली.

मग मावशीने तोंड पुन्हा नवरीकडे वळवलं आणि पाचवी ओळ उचलली. आणि ती गाताना थोडी सरकून बसली, एका माणसापुरती जागा करत. सून ताट घेऊन पुढे आली, आणि पुढचं दोघींनी मिळून गायलं. मावशीची नजर मात्र शेवटपर्यंत तिच्या ओठांवर होती.